डावी चप्पल अजून चालतेय: मित्रांबरोबर जिओकॅशिंग आणि ट्रॅव्हल बगचा प्रवास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: सिएटलला येऊन सहा महिने झाले, चौघं मित्रमैत्रिणी मिळून वीकेंडला जिओकॅशिंग सुरू करायचंय, कुणीतरी ट्रॅव्हल बगचा टॅग गिफ्ट दिलाय, तो सोडला तर पुण्यापर्यंत जाईल का, आणि सुरुवात नेमकी कुठून करायची. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे, ज्यांना कॅश म्हणतात, ते जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. मी इथे २०११ पासून हे करतोय, पंधराशेच्या आसपास कॅश सापडलेत, त्यातले निम्म्याहून जास्त मित्रांबरोबर. तर जे अनुभवाने कळलं ते सगळं सांगतो, जरा लांबेल.

आधी बगचं बोलू, म्हणजे टॅग लावलेली ती वस्तू जी खेळणारे लोक एका डब्यातून उचलून दुसऱ्या डब्यात पुढे नेतात, कारण नवीन लोक सगळ्यात जास्त तिथेच चुकतात. मीपण चुकलो.

माझ्याकडे कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून आणलेलं एक कीचेन होतं, दीड इंचाच्या दोन कोल्हापुरी चपला, खऱ्या चामड्याच्या, वर लाल गोंडा, अगदी शिवण दिसेल इतकं सुबक काम. ठरवलं की ही चप्पल चालत घरी जाणार. उजवी चप्पल सोडवून टॅगला लावली, वेबसाइटवर मिशन लिहिलं की हिला कोल्हापूरला पोचवा, आणि उत्साहाच्या भरात जो पहिला डबा सापडला त्यात ठेवून आलो. तो डबा होता एका पार्किंग लॉटच्या कडेला, जाणारे येणारे हजार, झाकणाला चीर. तीन आठवड्यांनी कुणीतरी लिहिलं की डब्यात बग नाहीये. संपलं. नेला कुणी, पडला, की एखाद्या लहान मुलाला खेळणं वाटलं, काहीच कळलं नाही. खूप वाईट वाटलं, खरंच, कारण ती वस्तू आईने दिलेली होती.

म्हणून पहिला नियम: जी वस्तू गेली तर जीव हळहळेल ती टॅगला लावूच नका. ट्रॅव्हल बग म्हणजे मिलिटरीवाले गळ्यात घालतात तसा धातूचा टॅग, त्यावर सहा अक्षरी ट्रॅकिंग कोड. पाकिटात दोन टॅग येतात, एक वस्तूला लावायचा आणि दुसरा त्याच कोडची कॉपी, ती आपल्याकडे जपून ठेवायची. बग हरवला तर कॉपीला दुसरी वस्तू लावून त्याच पानावरून प्रवास पुढे चालू करता येतो. मी तेच केलं. दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेली डावी चप्पल कॉपी टॅगला लावली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात परत सोडली, पण या वेळी विचार करून.

काय विचार केला ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. बग पोचतो की नाही हे त्याच्या नशिबापेक्षा तुम्ही त्याला कुठे आणि कसं सोडता यावर जास्त असतं. पहिलं म्हणजे डबा. कॅशच्या पानावर साइज लिहिलेली असते, मायक्रो आणि नॅनोमध्ये बग मावत नाही, स्मॉलमध्ये कोंबला जातो, रेग्युलर किंवा लार्ज बघा. त्यातही दारूगोळ्याचा जुना लोखंडी डबा असेल तर उत्तम, त्याच्या झाकणाला रबरी गॅस्केट असतं आणि वॉशिंग्टनच्या पावसातसुद्धा आत पाणी जात नाही. दुसरं, शहरातल्या गजबजीतला डबा नको, आणि जिथे वर्षातून दोन माणसं जातात असा डोंगरमाथ्यावरचाही नको. मधला हवा, जिथे कॅशर लोक नियमित येतात पण बाकीच्यांची नजर पडत नाही. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांना आपल्यात मगल म्हणतात, आणि डबे जातात ते जास्त करून मगलांच्या हाती लागून. काही कॅश खास बगसाठीच असतात, त्यांना टीबी (म्हणजे ट्रॅव्हल बग) हॉटेल म्हणतात, बरेचदा एअरपोर्टच्या आसपास किंवा हायवेच्या एक्झिटला, लांबचा प्रवास करणारे लोक तिथूनच बग उचलतात. पण आधी त्या पानावरचे शेवटचे दहा लॉग, म्हणजे येऊन गेलेल्यांच्या नोंदी, वाचा. बग येतात तसे जातायत का बघा, यादीत पंधरा बग आणि लॉगमध्ये सगळे म्हणतायत डब्यात एकही नाही, असं असेल तर तिथे ठेवू नका.

आणि मिशन टॅगबरोबरच जायला हवं. बहुतेक लोक जंगलात उभं राहून ऑनलाइन पान उघडून वाचत नाहीत, रेंजच नसते. मी व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचा कागद लॅमिनेट केला, एका बाजूला इंग्रजीत दोन ओळी, मी प्रवासी आहे, मला भारतात कोल्हापूरला जायचंय, मला ठेवून घेऊ नका, पुढच्या डब्यात सोडा. दुसऱ्या बाजूला छोटा नकाशा. मग चप्पल, टॅग आणि कार्ड एका लहान झिपबॅगमध्ये, कारण चामड्याला इथल्या दमट हवेत महिनाभरात बुरशी येते.

डावी चप्पल रेडमंडजवळच्या एका जंगलातल्या डब्यातून निघाली. अकरा दिवसांनी एका निवृत्त जोडप्याने उचलली, ते आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन आयडाहोला निघाले होते. तिथून एका जर्मन माणसाने बव्हेरियात नेली. मग मार्च २०२० आला आणि चप्पल म्युनिकच्या दक्षिणेला एका डब्यात चौदा महिने बसून राहिली, कारण कुणी कुठे जातच नव्हतं. त्या काळात मी रोज रात्री ते पान उघडून बघायचो. २०२१ च्या मे महिन्यात एका बाईंनी उचलली आणि फोटो टाकला, उरलेल्या बर्फावर ठेवलेली ती चिमुकली चप्पल, गोंड्याचा लाल रंग अजून पक्का. त्यांनी लिहिलं होतं, बर्फात चालायला हिला मोजे हवेत. मी तो फोटो आईला पाठवला, तिने तो प्रिंट काढून फ्रिजला लावलाय.

नंतर प्राग, व्हिएन्ना, दुबई, आणि २०२३ मध्ये पुणे. पानावरचा आकडा एकवीस हजार किलोमीटरच्या पुढे गेलाय. सिएटल ते कोल्हापूर सरळ रेषेत मोजलं तर साधारण साडेबारा हजार होतात, पण बग सरळ कधीच जात नाही, ज्याच्या हाती लागतो त्याच्या वाटेने जातो. हा आकडा वेबसाइट एका कॅशपासून दुसऱ्या कॅशपर्यंत सरळ रेषेत मोजते. आणि एखादा माणूस बग खिशात ठेवून वाटेतल्या प्रत्येक डब्याला व्हिजिट अशी नोंद करत गेला तर तेही अंतर धरलं जातं.

आता हे लक्षात घ्या की माझी चप्पल जशी सहा सात अनोळखी माणसांनी नीट पुढे नेली म्हणून पुण्यात पोचली, तसे दुसऱ्यांचे बग तुमच्या हातात येणार आहेत. पहिल्याच महिन्यात येतील. तेव्हा उचलताना टॅगवरचं मिशन वाचा. एखाद्याला समुद्रकिनारे बघायचेत आणि तुम्ही त्याला लेव्हनवर्थच्या डोंगरात नेणार असाल तर उचलू नका, नुसता कोड टिपून डिस्कव्हर अशी नोंद करा, म्हणजे मी बघितला पण नेला नाही. उचललात तर रिट्रीव्हची नोंद त्याच दिवशी करा. आधीच्या माणसाने ठेवल्याची नोंदच केली नसेल तर ग्रॅब नावाचा पर्याय असतो. एकाच्या बदल्यात एक ठेवलाच पाहिजे असलं काही नाही, ते छोट्या खेळण्यांसारख्या बदलीच्या वस्तूंचं असतं, ज्याला स्वॅग म्हणतात. साधारण दोन आठवड्यांत पुढे सोडा, जमणार नसेल तर मालकाला दोन ओळी लिहून कळवा. माझा अनुभव असाय की बग चोरीला जाण्यापेक्षा लोकांच्या ड्रॉवरमध्ये, जॅकेटच्या खिशात, गाडीच्या डॅशबोर्डात विसरून जास्त मरतात. आमच्या ग्रुपमध्ये यावर एक उपाय केलाय, गाडीच्या आरशाला एक कापडी पिशवी लटकवलीये, कुणीही बग उचलला की तो त्या पिशवीत, आणि पुढच्या वेळी गाडी सुरू करताना ती पिशवी समोर दिसतेच.

ट्रॅकिंग कोड गुप्त असतो हे विसरू नका. बगला दोन नंबर असतात, एक टीबीने सुरू होणारा, तो सगळ्यांना दिसतो आणि सांगायला हरकत नाही. दुसरा टॅगवर कोरलेला, तो फक्त ज्याने बग हातात धरला त्यालाच माहीत असायला हवा. फोटो टाकताना बोटाने तो झाका. नाहीतर घरी बसून कोडच्या याद्या वाटून नोंदी करणारे लोक आहेत, आणि मग मालकाच्या मेलमध्ये अशा माणसांच्या नोंदी येतात ज्यांनी ती वस्तू कधी बघितलीच नाही. ज्याला खऱ्या प्रवासाची ओढ असते त्याच्या मनाला ते लागतं.

हातात न धरता डिस्कव्हर करण्याची रीतसर मुभा असलेला एक बग मात्र आहे, आणि तो मंगळावर आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर शर्लॉक नावाचं उपकरण आहे, त्याच्या कॅलिब्रेशनच्या पट्टीवर अंतराळवीराच्या हेल्मेटच्या काचेचं मटेरियल तपासायला लावलंय, आणि त्या तुकड्यावर ट्रॅकिंग कोड आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला रोव्हर उतरला, आणि त्या पट्टीच्या फोटोमधून कोड वाचून लोक नोंद करतात. मुलांना बरोबर नेणार असाल तर त्यांना हे आवर्जून दाखवा. त्याआधी २००८ मध्ये अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियटने इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर एक कॅशच ठेवली होती, आणि २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मास्ट्राकिओ एक ट्रॅव्हल बग घेऊन तिथे गेला.

तुम्ही सिएटलला आहात म्हणून अजून एक, हा खेळ तुमच्या अंगणातला आहे. २ मे २००० ला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली, त्याआधी साध्या माणसाला शंभर मीटरपर्यंत चुकीची जागा मिळायची. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, तीच पहिली कॅश. त्यात एक बीन्सचा टिन होता, तो टिन आज स्वतःच ट्रॅकेबल आहे आणि कार्यक्रमांमधून फिरतो. त्या जागी आता एक स्मारक फलक आहे. वेबसाइट चालवणारी कंपनी सिएटलच्या फ्रीमाँटमध्ये, तिथेही कॅश आहे, पण जाण्याआधी वेळ घ्यावी लागते. आणि तिसरी जागा स्नोक्वाल्मी बोगद्यापलीकडची एप कॅश, २००१ मध्ये एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी ठेवलेल्या मोजक्या डब्यांपैकी एक, मध्ये डबा गायब झाला होता तो नंतर पुन्हा सुरू झाला. या तिन्ही ठिकाणी जायला जगभरातून लोक विमानाने येतात. तुम्हाला एका वीकेंडचं काम आहे.

मित्रांबरोबर पहिली मोठी ट्रिप म्हणून मी ही बोगद्याचीच सांगेन. आय-९० वर हायकच्या एक्झिटला उतरायचं, डिस्कव्हर पास, म्हणजे इथल्या स्टेट पार्कचा गाडीचा परवाना, गाडीत ठेवायचा. जुन्या रेल्वेचा बोगदा, साधारण ३.६ किलोमीटर, जवळजवळ सरळ, आत एकही दिवा नाही. हिवाळ्यात बंद असतो, मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडा. आम्ही चौघं ऑगस्टमध्ये गेलो होतो, बाहेर टी-शर्टचा उकाडा आणि आत शिरल्यावर पन्नास पावलांत दात वाजायला लागले. छतावरून थेंब पडतात, हेडलॅम्पच्या उजेडात स्वतःचा श्वास दिसतो. अर्ध्यात पोचल्यावर आमच्यातल्या सातारच्या मित्राने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. पुढे टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका आणि बाकी काही नाही, स्वतःचा हात दिसत नव्हता. कुणी काही बोललं नाही. मग तिने, म्हणजे आमच्यातल्या नागपूरच्या मैत्रिणीने, हळूच विठ्ठलाचं नाव घेतलं आणि तो आवाज किती वेळ फिरत राहिला. पलीकडे डबा उघडला तेव्हा आत तीसेक बग होते, निम्मे युरोपातले. डबा नेमका कुठे ते सांगत नाही, ते तुम्हीच शोधा. प्रत्येकाकडे स्वतंत्र हेडलॅम्प हवा, मोबाइलच्या टॉर्चवर जाऊ नका.

ग्रुपने शोधताना एक गोष्ट सांभाळा नाहीतर दोन ट्रिपमध्ये भांडणं होतात. ज्याची नजर चांगली त्याला तीस सेकंदांत डबा दिसतो, तो ओरडतो सापडला, आणि बाकीचे तिघं नुसते हजेरी लावायला आल्यासारखे होतात. आम्ही असं करतो की ज्याला दिसला त्याने चेहऱ्यावर काही न दाखवता अजून मिनिटभर उगाच शोधायचं आणि मग गुपचूप लांब जाऊन बसायचं. मग दुसऱ्याला दिसतो, तो येऊन बसतो. शेवटचा जो राहतो त्याला हवं तर थंड, गरम, अजून गरम असं सांगायचं, लहानपणी खेळायचो तसंच. याने प्रत्येकाला स्वतः शोधल्याचा आनंद मिळतो आणि मुलंसुद्धा कंटाळत नाहीत.

आणि शोधायचं कसं. फोन तुम्हाला पाच मीटरपर्यंत नेईल, इथल्या उंच डग्लस फरच्या झाडांखाली दहा पंधरापर्यंतही घसरतो, बाण गरागरा फिरायला लागतो. दहा मीटर राहिले की फोन खिशात टाका. ज्याने डबा लपवला त्याचाही जीपीएस तेवढाच चुकलेला असणार हे धरा. नुसतं उभं राहून बघा, इथे मी डबा कुठे ठेवला असता. जंगलात काय खटकतं ते बघा: एकाच दिशेने नीट रचलेल्या काटक्या, बुंध्याच्या पोकळीत आडवं ठेवलेलं साल, आजूबाजूच्या दगडांवर शेवाळ आणि एकावर नाही. निसर्ग काटक्या रचून ठेवत नाही. शहरात असाल तर पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाच्या तळाशी जो पत्र्याचा घेर असतो तो वर उचलला जातो, त्याखाली बघा. सुरुवातीला डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (तिथे पोचायला किती अवघड) दोन्ही दोनच्या आतले निवडा, मापन एक ते पाच असतं. आणि नाही सापडला तर डीएनएफची (डिड नॉट फाइंड, म्हणजे सापडला नाही) नोंद करायला लाजू नका, लागोपाठ तीन डीएनएफ बघूनच मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं.

बरोबर काय घ्यायचं: पेन्सिल, कारण ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही, लांब बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे. इथली हिमालयन ब्लॅकबेरी हातापायांची चाळण करते, नावात हिमालय असलं तरी ती मूळची आर्मेनियाकडची. कॅशमध्ये खाण्याचं काही ठेवू नका, वासाने प्राणी डबा कुरतडतात.

आता पुण्याचं. तुमचा बग तिथे पोचवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तुम्ही सुट्टीत जाताना स्वतः नेणं, पण मग तो बग कशाला, सूटकेसच झाली. मधला मार्ग असा की इथून सोडा, दोन तीन वर्षं द्या. भारतात डबे कमी आहेत आणि त्यातले बरेच इतके लहान की बग मावतच नाही, म्हणून शेवटचा टप्पाच अवघड असतो. आणि हातात जीपीएस घेऊन भारतात शोधायला जाल तेव्हा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं उपकरण इथेच ठेवा, तिथे परवान्याशिवाय ते बाळगणं कायद्यात बसत नाही आणि विमानतळावर परदेशी ट्रेकर पकडले गेलेत. मोबाइल पुरेसा आहे. सुट्टीत एखाद्या गडावर स्वतः डबा लपवायचा मोहही होईल, पण संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय काही ठेवू नका, तटाचे दगड कुणीतरी शोधताना हलवणार हे गृहीत धरा. शिवाय डब्याची देखभाल करणारं माणूस जवळ राहणारं हवं, नाहीतर कॅश तपासणारे स्वयंसेवक ती मंजूर करत नाहीत.

माझी डावी चप्पल सध्या पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलाकडे आहे. त्याने लिहिलंय की मामाचं गाव कागलला आहे आणि दिवाळीत तो जाणार आहे. दोन दिवाळ्या गेल्या, मी एकदाच आठवण केली, तो म्हणाला नक्की नेतो काका. कागलपासून कोल्हापूर वीस किलोमीटर.

तुमचा टॅग ॲक्टिव्हेट केलात की टीबीने सुरू होणारा नंबर मला कळवा, कोरलेला कोड नको. मी वॉच लावतो, म्हणजे तो कुठेही हलला की मलापण मेल येईल.